गहिनीनाथाची न मागितलेली गाडी

गहिनीनाथ पाणाड्याच्या मनात कोणती गाडी भरली आहे, हे अख्ख्या हिवरदऱ्यात दोघांनाच ठाऊक होतं. एक त्याची बायको मनकर्णा, आणि दुसरा मी. मनकर्णाला ठाऊक असणं साहजिकच आहे. मला कळलं ते लोकांच्या भानगडीत नाक घालायच्या जुन्या सवयीमुळं, आणि त्या सवयीची मला आजवर कधी लाज वाटलेली नाही.

झालं असं की, दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात मी युसूफ वडगावचा बाजार करून येत होतो. उताराला एका बाभळीखाली जरा टेकलो. तेवढ्यात वरून गहिनीनाथाची एम-एटी आली. त्या गाडीला सीट म्हणून युरियाचं पोतं होतं आणि ब्रेक म्हणून गहिनीनाथाच्या वहाणा. उतार लागला तसा त्यानं मागंपुढं पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मी होतो, पण बाभळीखालच्या म्हाताऱ्याला कोण मोजतो? त्यानं टोपी काढून बंडीत कोंबली आणि हा पंचावन्न वर्षांचा बाप्या, दोन लेकींचा बाप, गावातला धोतर नेसणारा शेवटून तिसरा माणूस, हॅन्डलवर चक्क पालथा पडला. हनुवटी मीटरला टेकलेली, कोपरं अंगाशी, धोतराचा सोगा मागं फडफडतोय. तोंडानं 'व्रूंऽऽ' चालू. इंजिन त्यानं पेट्रोल वाचवायला वरच बंद केलं होतं, म्हणून आवाज स्वतःच काढत होता.

माझ्यासमोरून तो असा गेला, जसं काही त्याच्यामागं दहाजण शर्यतीत लागलेत. मागं होती फक्त एक शेळी.

आता गहिनीनाथ कोण, ते सांगतो. पाणाड्या म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारा माणूस. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि अनवाणी रानातून चालायचं; खाली पाणी असलं की नारळ हळूच उभा राहतो. खरं-खोटं मला विचारू नका. शिकलेली पोरं मशीन घेऊन आमच्या गावात आलती. त्यांनी दाखवलेल्या दोन बोअरमधून इतका फुफाटा निघाला की शेजारच्या पंडिताची म्हैस पांढरी झाली. मग गहिनीनाथाला बोलावलं. आमच्या नागनाथ दूध उत्पादक संस्थेच्या जागेवर तेव्हा चारा छावणी होती. सहाशे जनावरं दावणीला, आणि टँकर आज येतो म्हणून परवा येणारा. गहिनीनाथ छावणीभर दोन दिवस फिरला आणि शेणाच्या उकिरड्यापाशी येऊन थांबला. नारळ उभा. उकिरडा हलवला, मशीन लावली, चारशे दहा फुटांवर पाणी लागलं. तीन इंच! सहाशे जनावरं पुढं दोन महिने त्यावर जगली, आणि त्यांच्यामागं आम्हीही.

या कामाचा त्यानं कधी छदाम घेतला नाही. ही विद्या त्याला चुलत्याकडून आलेली. चुलता सुग्रीव, फार नावाजलेला पाणाड्या. त्याची शिकवण अशी: कुणी आपणहून काही दिलं तर नको म्हणायचं नाही, पण आपल्या तोंडानं काही मागायचं नाही. मागितलं की हात कोरडा. खुद्द सुग्रीवाचंच तसं झालं. घाटनांदूरकडच्या एका बागायतदाराच्या ओट्यावर त्यानं रेडिओ पाहिला, आणि पाणी लागल्यावर मालकानं "काय देऊ?" विचारलं तर हा बोलून गेला, "तेवढा रेडिव द्या." रेडिओ मिळाला. त्या दिवसापासून नारळ हातावर मेल्यासारखा पडून. पुढची अठरा वर्षं सुग्रीव पारावर रेडिओ ऐकत बसला. रेडिओ चांगला होता, हेही सांगायला पाहिजे; बातम्या आम्ही सगळ्यांनीच ऐकल्या.

तेव्हा गहिनीनाथाच्या घरी आला तो सगळा मान. शाली तर एकेचाळीस. मनकर्णानं त्यांच्या वाकळी शिवल्या, उरलेल्या म्हशीच्या पाठीवर टाकल्या. आमच्या गावात सत्काराची शाल पांघरून रवंथ करणारी ती एकटीच म्हैस.

त्या सालच्या सप्टेंबरात संस्थेची सर्वसाधारण सभा जवळ आली. पाऊसपाणी झालं होतं, जनावरं घरी गेली होती, आणि लोकांना गहिनीनाथाची आठवण अजून होती. म्हणजे बघा, किती लवकर सभा घेतली असेल! चेअरमन मोहनराव. ऐंशी एकराचा माणूस, दोन साखर कारखान्यांच्या सभांना पहिल्या रांगेत बसणारा. सभेआधीच्या बैठकीत ते म्हणाले, "आता शाल पुरे झाली. माणसाला फटफटी द्यायची. नवी कोरी." दिवाळीच्या बोनसवर सगळ्यांनी पाणी सोडलं. गावात असं एकमत मी त्याआधी फक्त एकदा पाहिलं होतं, आणि ते मयतीला.

पण एकमत आम्हाला सोसत नाही. मोहनराव म्हणाले, "क्रूझर देऊ. बसकी, जड, धुगधुगणारी. माणूस कसा गादीवर बसल्यावाणी दिसतो." लगेच विरोधी पॅनलचा पंडित उठला. खरं तर पंडिताला मोटारसायकलीतलं काही कळत नाही. तो अजून किक मारायला दुसऱ्याला बोलावतो. पण मोहनराव क्रूझर म्हणाले एवढं त्याला पुरलं.

"क्रूझर म्हंजी वऱ्हाडाची जीप," तो म्हणाला. "द्यायची तर रेसर द्या. स्पोर्ट बाईक. जमाना कुठं चाललाय!"

"पंचावन्न वर्साच्या मान्साला रेसर? टाळकं ठिकान्यावर हाय का, बे?"

झालं. पारावर, पिठाच्या गिरणीवर, संकलनाला कॅन घेऊन उभ्या असलेल्या रांगेत, दुसरा विषय राहिला नाही. आठ दिवसांत गावात क्रूझर पॅनल आणि रेसर पॅनल अशी फूट पडली. सख्ख्या भावांनी एकमेकांच्या पाइपावरून पाणी घ्यायचं बंद केलं. आणि ज्याची गाडी, त्याला विचारायचं कुणी? विचारून उपयोग काय? तो सांगूच शकत नव्हता. 'हीच पाहिजे' म्हणणं म्हणजे मागणं, आणि मागितलं की हात कोरडा.

मी मुद्दाम त्याच्या गोठ्यावर गेलो.

"काय गहिनीनाथ, उतारावर आवाज बरा काढतोस."

तो म्हशीची धार काढत होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आण्णा, तुमी काय पाह्यलं न्हाई."

"मी काय, शेळीनं पण पाह्यलं. रेसर पाहिजे ना तुला?"

म्हशीनं त्याच्याकडं वळून पाहिलं, कारण त्यानं सड दाबायचं सोडून नुसतं धरून ठेवलं होतं.

"नुसती मान हलव. मान म्हणजे काही तोंड नाही."

"आण्णा," तो हात जोडून म्हणाला, दुधाचे हात, "ल्हानपनी परळीच्या जत्रत मौत का कुआं पाह्यलता. तवापासनं. पन चुलत्याचा रेडिव बी पाह्यलाय मी. शेवटच्या वर्साला त्यो नुसताच खरखरायचा, अन् म्हातारा तसाच कानाला लावून बसायचा. तुमाला माझी आन हाय, कोनाला बोलू नका."

आण घातली म्हणून मी गप्प राहिलो. माझ्या आयुष्यातले सगळ्यात अवघड पंधरा दिवस ते. पोटात गोष्ट आहे आणि ओठावर येऊ द्यायची नाही, हे काय मरणाहून कमी आहे?

सभेच्या आधीच्या रविवारी मोहनरावांच्या जीपमधून आम्ही अंबाजोगाईला शोरूममध्ये गेलो. मोहनराव, पंडित, मी, गहिनीनाथ आणि मनकर्णा. मनकर्णा यायचं कारण असं की संस्थेची सभासद तीच आहे. म्हैस तिच्या नावावर, दुधाचं माप तिच्या नावावर. बांध्यानं लहान बाई, पण नऊवारीचा काष्टा घालून चालायला लागली की वाट आपणहून रुंद होते. गहिनीनाथाबरोबर तिनं बारा हंगाम ऊस तोडलेला, थेट कर्नाटकापर्यंत.

गहिनीनाथाला आधी क्रूझरवर बसवलं. तो असा ताठ बसला, जसं काही समोर फोटोवाला उभा आहे आणि लग्न मनाविरुद्ध आहे. मोहनराव खूश. "बघा! शोभतोय का न्हाई? नुसता जहागीरदार!"

मग शेजारच्या रेसरकडं नेलं. हिरवीगार, टाकी बैलाच्या वशिंडासारखी वर आलेली, मागचं सीट एवढंसं आणि उंच, माळ्यावर ठेवल्यासारखं. गहिनीनाथ तिच्यावर बसला नाही. तिच्याभोवती एकदा फिरला. टाकीवर धूळ होती ती उपरण्याच्या टोकानं पुसली आणि हात मागं बांधून उभा राहिला.

"भ्याला," मोहनराव म्हणाले.

मी मनकर्णाकडं पाहिलं. ती नवऱ्याच्या मागं बांधलेल्या हातांकडं पाहत होती. एका हातानं त्यानं दुसऱ्याचं मनगट आवळून धरलं होतं.

पंडितानं येताना देवळातून नारळ आणला होता. "आपन भांडायचंच न्हाई," तो म्हणाला, "ह्याच्या हातावर नारळ ठिवू. ज्या गाडीपाशी हुबा राह्यला, ती गाडी." सगळ्यांना पटलं. गहिनीनाथानं नारळ घेतला, वहाणा काढल्या आणि शोरूमच्या गुळगुळीत फरशीवरून चालायला लागला. क्रूझरपाशी नारळ आडवा. रेसरपाशी आडवा. कामावरची पोरंसोरं हातातलं सोडून पाहायला लागली. मग तो मागच्या दारानं बाहेर पडला आणि अंगणात नारळ ताडकन उभा राहिला. मालक धावत आला. खाली गाड्या धुवायच्या पाण्याची टाकी होती. पंडिताचं तोंड असं झालं, जसं काही नारळानंही मोहनरावांच्या पॅनलला मत दिलं.

परत येताना जीपमध्ये मोहनरावांनी सांगून टाकलं, "क्रूझरच. सभेत ठराव मांडतो." गहिनीनाथ खिडकीबाहेर पाहत राहिला. मनकर्णानं एकच विचारलं, "चेअरमनसाब, सभेत सभासदाला बोलता येतंय ना?"

"येतंय की. पन बाया कवा बोलल्यात?"

"तेच इचारलं."

सभा संस्थेच्या शेडमध्ये, जिथं छावणीची पेंड ठेवायचे तिथं झाली. अजून पेंडीचा वास होता. मोहनरावांनी ठराव वाचला: पाणाडे गहिनीनाथ यांना क्रूझर मोटारसायकल देऊन संस्थेनं कृतज्ञता व्यक्त करावी. पुढच्या चार रांगांनी "मंजूर, मंजूर" असा गजर सुरू केला. त्या चार रांगांना मोहनरावांनी सकाळी भजी दिली होती. गहिनीनाथ खाली मान घालून बसला होता. अंगठ्यानं जमीन उकरत होता, जसं काही तिथंही पाणी लागेल.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं मनकर्णा उठली.

"मला बोलायचंय. मला ती दुसरी पाह्यजे. हिरवी."

मोहनराव हसले. "वैनी, ती पोरासोरांची गाडी. मागचं शीट टीचभर हाय."

"मंग माझं बूड काय सोसायटीचं गोडावन हाय व्हय?"

पत्रे हलले, इतकं लोक हसले. पंडित तर उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. आपलं पॅनल एका बाईनं तारलं हे त्याच्या अजून ध्यानात आलं नव्हतं.

मोहनरावांना राग दाबता येतो, म्हणूनच ते चेअरमन आहेत. "तसं न्हवं. त्या उंच शिटावर लुगड्यात बसनार कसं तुमी? एका अंगानं बसलं की पडनार."

"एका अंगानं बसत्यात सहावारीवाल्या. नऊवारीला काष्टा कशापायी असतो? दोनीकडं पाय टाकून बसन मी. बारा वर्सं उसाच्या गाडीवर, मोळ्यांच्या वर बसून गेले. लेक मांडीवर अन् घागर काखंत. वरून समदा मुलूख दिसायचा. कोनचं गाव आलं, कुठं चढ हाय, कुठं चहाचं हाटेल हाय. अन् ह्या फटफटीवर बसाया लागल्यापासनं वीस वर्सं मला काय दिसतंय? ह्यांची पाठ! वडवणीला गेले, बीडला गेले, समदीकडं पाठच पाह्यली. तुमची ती बसकी गाडी घेतली तर आनिक खाली जाईन मी. त्या हिरवीचं मागचं शीट वर हाय. ह्यांच्या टोपीवरनं दिसन मला."

मी तुम्हाला सांगतो, मी तोवर पुष्कळ सभा पाहिल्या, पण ठरावाला असं कारण दिलेलं कधी ऐकलं नव्हतं. मागं बसलेल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. कितीतरी पाठी त्यांना आठवल्या असतील.

पण मोहनराव कसलेले. त्यांनी बरोबर नाडीवर बोट ठेवलं. "ठीक हाय. पन मग हे मागनंच झालं की! गहिनीनाथाला मागायची बंदी. उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एकच कोयता मोजत्यात, मुकादमाला इचारा. तुमचं तोंड ते त्याचं तोंड. उद्या हात कोरडा झाला तर गावानं काय करायचं?"

आता मात्र गहिनीनाथानं मान वर केली. मी त्याचा चेहरा पाहिला. उन्हातान्हात रापलेला गडी, पण पांढराफटक पडला होता. "मनकर्णा, बस खाली," तो म्हणाला. "क्रूझर बरी हाय. लई बरी हाय."

मनकर्णानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"चेअरमनसाब, फडात दोघाला एक कोयता धरलं, बारा वर्सं मी काय बोलले न्हाई. मोळ्या मी बी बांधल्या, नाव ह्यांचं लागलं. पन ह्या रजिस्टरात सभासद कोन हाय? म्हैस कोनाची? छावनीत उकिरड्यापाशी सहा म्हैने कोनाची म्हैस बांधलीती? मी माझ्या दुधाच्या मापावर बोलते. फडात एक धरता, हितं तरी दोन धरा. अन् ह्यांना गाडी द्यायचीच न्हाई. मला द्या. पाणाड्याला आपली शाल घाला, बेचाळिसावी."

बायकांच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "मंजूर." मग दुसरा. मग सगळी बाजू. पुढच्या चार रांगांनी मोहनरावांकडं पाहिलं, भज्यांना स्मरून. पण त्यांच्या घरच्याच मागं बसून मंजूर म्हणत होत्या, आणि रात्रीची भाकरी भज्यांपेक्षा जवळची. ठराव झाला: हिरवी गाडी, सभासद मनकर्णा गहिनीनाथ यांच्या नावानं. मोहनरावांनी सही केली. जाता जाता मला म्हणाले, "आण्णा, ही बाई पुढच्या विलेक्शनला आपल्या पॅनलमधी घ्या." मी म्हणालो, "तीच तुम्हाला घेईल की नाही, ते बघा."

गाडी आली. हार घातला, लिंबू ठेवलं. पण गहिनीनाथ पंधरा दिवस तिला हात लावेना. गोठ्यात उभी, वर एकेचाळिसातली एक शाल. हात कोरडा झाला असेल या भीतीनं त्याचं जेवण तुटलं. कितीही सांगा, त्याच्या कानात तो रेडिओ खरखरत होता.

शेवटी वडवणीकडून एका शेतकऱ्याचा सांगावा आला: बोअरची जागा दाखवा. मनकर्णा म्हणाली, "चला. कळू द्या एकदाचं काय ते." मी आधीच टमटमनं जाऊन बसलो होतो, असली गोष्ट नंतर ऐकण्यात काय मजा? मागून ती दोघं हिरव्या गाडीवर आली, गहिनीनाथ ताठ बसून, बैलाच्या चालीनं.

रानात पन्नासभर माणसं जमली होती. अर्धी पाण्यासाठी, अर्धी गाडी पाहायला. गहिनीनाथानं वहाणा काढल्या, हातावर नारळ ठेवला आणि चालायला लागला. पूर्वेचा बांध झाला, काही नाही. विहिरीची कड झाली, काही नाही. तासभर नारळ आडवा तो आडवाच. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. मालक माझ्याकडं पाहायला लागला, मी आभाळाकडं. दर दहा पावलांवर गहिनीनाथ मान वळवून मागं पाहायचा. मनकर्णा गाडीला टेकून उभी होती. तिनं ते दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा ओरडली,

"अवो! गाडीला कोन खातंय का? ती नीट हाय. तुमी गाडीकडं पाह्यचं सोडा अन् रानाकडं पाहा की!"

लोक हसले. गहिनीनाथही हसला, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. त्यानं डोळे मिटले, वळला आणि लिंबाच्या पलीकडं सरळ चालत गेला. आम्ही सगळे मागं. चाळीस पावलं झाली असतील. नारळ जरा हलला. आधी कलला, मग म्हाताऱ्या माणसासारखा सावकाश, पण नीट उभा राहिला.

गहिनीनाथ तिथंच खाली बसला. नारळ छातीशी धरून.

दुसऱ्या दिवशी मशीन लागली आणि साडेतीनशे फुटांवर पाणी आलं, ते मला नंतर कळलं. पण त्या दिवशी, तो वहाणा घालत होता तेवढ्यात मी मनकर्णाला बाजूला घेतलं.

"खरं सांग, मनकर्णा. सभेत बोललीस ते त्याच्यासाठी का तुझ्यासाठी?"

ती पदर खोचत म्हणाली, "आण्णा, सभेत खोटं बोलत न्हाई मी. सभासद हाय."

मग ती काष्टा सावरून त्या उंच सीटवर चढली. गहिनीनाथानं टोपी बंडीत कोंबली आणि पन्नास माणसांदेखत टाकीवर पालथा झाला: हनुवटी मीटरला, कोपरं आत, धोतराचा सोगा मागं. त्याच्या वर मनकर्णा अंबारीत बसल्यासारखी ताठ, डोळ्यावर हाताचा आडोसा धरून. गाडी निघाली. व्रूंऽऽ झालं, या वेळी इंजिनाचंच.

"हळू!" वरून आवाज आला. "म्होरं खड्डा हाय. अन् त्याच्या म्होरं हाटेल हाय, तिथं थांबवा."

गाडी लगेच हळू झाली.